हाकेइतकी नदी

पाण्यावरून जाणारी हाक वेगळी असते. रानातली हाक झाडाझुडपांत अडखळते, गल्लीतली भिंतीवर आपटून मागे फिरते. नदीवरची हाक मात्र एकदा ओठांतून सुटली की सरळ, सपाट, पाण्याला चाटून जात राहते, आणि जिथे नजर पोचते पण पाय पोचत नाहीत अशा कुठल्याशा जागी ती थोडी पातळ होते, लांबते, शब्द सांडते आणि नुसता सूर घेऊन पैलकाठाला लागते. पहाटे ती जास्त लांब जाते. पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न विरता खाली वाकून वाहतो, हे मी फार पुढे कुठेतरी वाचलं. तेव्हा वाटायचं, पहाटे नदी झोपेत असते, म्हणून हाकेला अडवत नाही.

वर्धेच्या काठावरचं माझं बालपण या एका आवाजाभोवती गुंडाळलेलं आहे. “नाऽऽव आणा होऽऽ.” पहिला ‘ना’ जोर लावून, छातीतून, मग तो ‘व’ जवळजवळ नाहीच, आणि शेवटचा ‘हो’ इतका लांब की मारणाऱ्याचा श्वास संपला तरी तो पाण्यावर चालतोच आहे असं वाटावं. मग थांबायचं. ते थांबणंही हाकेतच धरलेलं असायचं. समोर बाभळीखाली काही हललं तर हाक पोचली. नाही हललं तर पुन्हा छाती भरून घ्यायची. घाई करून चालत नसे, कारण घाईची हाक फाटते, आणि फाटलेली हाक नदी मधेच गिळते.

यवतमाळ जिल्हा जिथे संपतो तिथे, वणी तालुक्याच्या टोकाला, जुगाद आहे. उत्तरेकडून मुलताईची वर्धा येते. जिल्ह्याची दक्षिण शीव आखत आखत पैनगंगा येते. आणि महादेवाच्या जुन्या दगडी देवळापासून जवळच दोघी एक होतात. समोर वढा, चंद्रपूरच्या बाजूचं, विठ्ठल-रखुमाईचं. इथून पुढे नाव वर्धेचंच चालतं, खाली वैनगंगा भेटून प्राणहिता होईपर्यंत. आज दोन जिल्ह्यांच्या मधली एवढीच या पाण्याची ओळख, पण एकेकाळी इथे तीन राज्यं एकमेकांकडे बघत बसलेली असत: या काठाला वऱ्हाड, समोर मध्यप्रांतातला चांदा, आणि पैनगंगेच्या पलीकडे राजुऱ्याकडे निजामाचा मुलूख. १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला आणि आमची नदी सरहद्द झाली. सोयरिकी मात्र कुणाच्या तहाला विचारून होत नाहीत. या काठच्या मुली त्या काठाला जात राहिल्या, त्या काठच्या या काठाला येत राहिल्या, आणि त्यांच्या मधे एक नाव जात-येत राहिली.

माझी आई त्या काठची.

सासरी ती दाराच्या आडून बोलायची. आजोबा ओसरीवर असले की तिचा आवाज चुलीच्या पुढे येत नसे. पाणी हवं का, एवढंही ती आम्हा पोरांच्या तोंडून विचारायची. तीच आई माहेरी निघाली की घाटावर पोचेपर्यंत निराळी होत जायची. पांदणीत पदर डोक्यावर असायचा, रेतीत आलं की तो खांद्यावर यायचा, आणि पाण्याच्या कडेला उभी राहिली की ती दोन्ही तळवे तोंडाशी धरून अशी हाक द्यायची की बगळे उडावेत. मी तिच्याकडे खालून बघत असे. तिच्या गळ्यातली शीर ताणलेली दिसायची, पोत हलायची, आणि त्या एवढ्याशा बाईच्या आत इतका आवाज कुठे दडवलेला असतो याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटायचं. गावातल्या साऱ्याच सुना घाटावर अशा मोकळ्या होत असणार. नदीवर ओरडणाऱ्या बाईला कुणी हळू बोल म्हणत नाही.

मग पलीकडे काळसर ठिपका पाण्यात उतरायचा.

नाव भोईबाबांची होती. गावभर त्यांना भोईबाबाच म्हणत. घाट दर साली लिलावात जायचा, घेणारे बदलायचे, पण नाव हाकणारा म्हातारा तोच. उन्हाळ्यात नदी आटून डबकी उरली की नाव रेतीत पालथी पडलेली असायची, चिखलात बसलेल्या म्हशीसारखी, आणि बाबा तिच्या फटींत कापडाच्या चिंध्या ठोकून वरून गरम डांबर ओतायचे. तो वास आला की आम्हाला कळायचं, मृग जवळ आला. उथळ पाण्यात ते लांब बांबू रेटून नाव ढकलत. पाणी वाढलं आणि बांबूला तळ लागेना झाला की वल्ही निघत. आणि धार जोराची असली की त्याआधी एक काम असायचं: नाव काठाकाठाने दोरानं ओढत बरीच वर न्यायची. तिथून सोडायची. मग धार तिला खाली नेते, वल्ही तिला पलीकडे नेतात, आणि दोन्हींच्या भांडणातून ती तिरपी जात बरोबर समोरच्या घाटाला लागते. मला हे फार आवडायचं. जायचं समोर, आणि चालायचं आधी भलतीकडेच. आपण चुकीच्या दिशेला जातोय असं वाटत असताना आईचा चेहरा मात्र निवांत असायचा.

पण हे सगळं साधं पाणी असतानाचं. पूर ही निराळी गोष्ट.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पूर पावसातून येतो. आमच्याकडे तो बरेचदा लख्ख उन्हातून आला आहे. श्रावणातली उघडीप असायची, वाळत घातलेली लुगडी कडक झालेली, पऱ्हाटीत डवरे चाललेले, आणि कुणीतरी सांगत यायचं, “नदी फुगून राह्यली.” पाऊस तिकडे सातपुड्यात, बैतुलाकडे, केव्हाच पडून गेलेला असायचा, आमच्याकडे त्याची फक्त वरात यायची. भोईबाबा पाण्याच्या कडेला खुंटी ठोकून ठेवत. थोड्या वेळानं खुंटीचे पाय भिजत, मग गुडघे, मग ती दिसेनाशी होई आणि बाबा मागे सरकून दुसरी ठोकत. आम्ही पोरं त्या खुंट्यांवर पैजा लावायचो. वाहत येणाऱ्या काडीकचऱ्यावरूनही ते नदी वाचत. कचरा काठाकाठाला लागत असला तर पाणी अजून चढतंय. चढणारी नदी मधे फुगते, मग वरचं सगळं दोन्ही बाजूंना ढकलते. आणि कचरा ओळ धरून मधातून जाऊ लागला की समजावं, उतार लागला. “नदीचं पोट पाह्यत जाय,” ते म्हणायचे, “तोंड नको पाहू.”

वर्धेला तुडुंब पाणी असलं की पैनगंगेची आणखी वेगळी तऱ्हा. तिला आत शिरायला जागाच मिळत नाही. ती संगमाशी येऊन थबकते, तुंबते, आणि मागच्या मागे शेतांत पसरायला लागते. न गर्जता, न धावता, तुरीच्या ओळींमधून चालत येते. मोठी नदी मोकळी होईपर्यंत धाकटीनं उंबऱ्याबाहेर थांबायचं. आईला हे बघवत नसे. “बिचारी,” एवढंच म्हणायची.

अशा दिवसांत हाक जात नसे. पाट रुंदावलेला असायचाच, पण त्यापेक्षाही नदीचा स्वतःचा आवाज मोठा झालेला असायचा. पुराचा आवाज धबधब्यासारखा उघडा नसतो, तो खालून येतो, तळव्यांना आधी कळतो आणि कानांना नंतर. काठावर उभं राहून हाक दिली तर ती आपल्याच तोंडापुढे पडायची. रोज जिथे माणूस ओळखू यायचा, कपड्याचा रंग कळायचा, कोण खोकलं तेही कळायचं, तो काठ एका रात्रीत परदेश होऊन जायचा.

एका वर्षी राखी पुनवेला असंच झालं. आईचं ताट सकाळीच तयार होतं. पाणी दोन दिवसांपासून चढलेलं. नाव घाटावरून वर ओढून लिंबाला दुहेरी दोरानं बांधलेली, आणि भोईबाबा तिच्या सावलीत तंबाखू मळत बसलेले. समोर, खूप दूर, पांढरं काहीतरी हलत होतं. ते मामाचं धोतर होतं की बगळा होता हे मी आजही सांगू शकणार नाही, पण आईला शंका नव्हती.

“बाबा, एक डाव न्या ना.”

“नाही माय.”

“माहा भाऊ उभा हाये थो, पाहा ना.”

“मले दिसते. पन पानी मले त्याच्याहून जास्त दिसते.”

आईनं हाक दिली. एकदा, दोनदा. तिचा तो बगळे उडवणारा आवाज नदीनं असा घेतला की जणू दिलाच नव्हता. मग ती रेतीवर बसली. खूप वेळ बसली. बाबांनी समजावलं नाही, रागावले नाहीत, उठूनही गेले नाहीत. नुसते तिथे होते. आता मोठेपणी मला वाटतं, नाही म्हणून तिथून निघून जाणं सोपं असतं. नाही म्हणून त्याच्या शेजारी बसून राहणं, समोरच्याचं सगळं दुःख अंगावर घेऊन गप्प तंबाखू मळत राहणं, याला वल्हं मारण्याहून अधिक बळ लागत असणार.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आई उठली, ताटातली राखी घेतली आणि बाबांच्या मनगटाला बांधली. “तुमची नाही हे,” ती म्हणाली. “त्याची हाये. तुमच्यापाशी ठेव.” म्हाताऱ्यानं मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि मान डोलावली.

पाणी उतरेपर्यंत ती राखी त्यांच्या हाताला होती. त्याच हातानं त्यांनी नाव उपसली, जाळं सोडलं, भाकर खाल्ली. पहिली खेप गेली तेव्हा पलीकडे मामाला बोलावून त्यांनी ती सोडून त्याच्या मनगटाला बांधली. तोवर तिचा गोंडा गळून गेला होता आणि लाल रंगाचा नुसता मातकट रंग उरला होता. परतीच्या खेपेला खणाचं कापड आणि एक नोट आली. उतराई त्यांनी घेतली नाही. निदान आई तसं सांगायची, आणि सांगताना दर वेळी हसायची.

त्यानंतरच्या वर्षांत काठावर एक नाव भीतीनं घेतलं जाऊ लागलं: मोवाड. ३० जुलै १९९१. याच वर्धेच्या वरच्या अंगाला, नरखेड तालुक्यातलं ते गाव. सकाळच्या पाण्यानं २०४ माणसं नेली. आमच्यापासून कितीतरी कोस वर, पण पाणी तेच. त्या पावसाळ्यात आजी नदीवर गेली नाही. रोज ज्या पाण्याला हात जोडायचे त्यानं असं काही केलेलं ऐकलं की माणूस हात कुठे ठेवावेत तेच विसरतो.

आता नदी नुसती पावसानं चढत नाही, धरणांच्या दारांनीही चढते. मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा, तिची १३ दारं; आर्वीकडे धनोडीला निम्न वर्धा, तिची ३१; बाभुळगाव तालुक्यात बेंबळा; तिकडे पैनगंगेवर इसापूर. मुलताईचा ढग काठावरच्या म्हाताऱ्यांना पाण्याच्या वासावरून कळायचा. दार कधी, किती उघडेल हे खुंटीला कळत नाही. आता मोबाईलवर निरोप येतो: इतकी दारं, इतके सेंटिमीटर, इतका विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. निरोप येतो हे चांगलंच; मोवाडला तोही नव्हता. तरी तो वाचताना मला नेहमी चुटपुट लागते. ही हाक एकाच बाजूनं येते. तिला उलट ‘होऽऽ’ देता येत नाही.

जुलै २०२२ मध्ये त्या निरोपांची रांग लागली आणि वणी तालुक्यातली काठावरची गावं एकामागून एक बेटं झाली: झोला, कोना, भुरकी, कवडशी, सावंगी. वरोऱ्याच्या रस्त्यावरचा पाटाळ्याचा पूल पाण्याखाली गेला. ज्या पुलांनी घाट ओस पाडले होते ते पूलच बुडाले, आणि लोकांना पुन्हा नाव आठवली. पण लाकडाची नाही, रबराची, इंजिनाची, नारिंगी जाकिटं घातलेल्या जवानांची. काठावरची माणसं म्हणतात की खाणींच्या मातीचे डोंगर नदीच्या अंगाला रचले गेले, तिची पसरायची जागा गेली, म्हणून ती गावात शिरते. मला ते पटतं. लहानपणी घाटावरून जिथे आभाळ दिसायचं तिथे आता काळी टेकडी दिसते, आणि त्या टेकडीवरून माझ्या हाकेचाही आवाज परत येतो.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२३ ला, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यात ४५ च्या आसपास माणसं पाण्यात अडकली. हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवली गेली. आपत्ती दलाचे जवान बोटी घेऊन पोचले. त्या दिवशी यवतमाळ शहरातही वाघाडीचं पाणी घरांत होतं. मी दूर शहरात बसून पडद्यावर ती दृश्यं पाहत होते. आवाज बंद केला होता, कारण निवेदक फार ओरडत होता. आणि त्या मुक्या चित्रात कुठेही पुराचा लोट आला की माझे डोळे पाणी सोडून काठावर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडांकडे जायचे. तळवे तोंडाशी धरलेला माणूस मला लगेच दिसतो. त्याच्या हाकेचा एक कणही माझ्यापर्यंत येत नव्हता, तरी तिची लांबी मला ठाऊक होती.

मामा अजून तिकडेच असतो. म्हातारा झालाय. जुलै लागला की आई त्याला फोन करते आणि दोघंही फोनवर ओरडून बोलतात. हळू बोललं तरी ऐकू येतं, हे त्यांना नातवंडांनी कितीदा तरी सांगून झालंय. पण दोघांच्या मधे नदी आहे, आणि नदीवरून हळू बोलायचं नसतं, ही सवय त्यांच्या छातीतच बसलेली आहे. “किती चढलंऽऽ?” आई विचारते. “देवळाच्या पायरीले लागलंऽऽ,” मामा सांगतो. शेजारची बाई दचकून खिडकीत येते. माझे डोळे मात्र भरतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धेत नाव उलटली. एकाच नात्यागोत्यातली ११ माणसं गेली; दशक्रियेला जमलेली. ती बातमी आईला सांगू नये असं ठरलं होतं, पण तिला कळलीच. खूप वेळानं ती म्हणाली, “कोनी नाही म्हननारं नसंल तिथं.” दोष देण्याचा सूर नव्हता तो. भोईबाबांची तिला आठवण येत होती. त्यांना जाऊन किती वर्षं झाली.

त्यांचं ते नाही म्हणणं मी आणखी एका ठिकाणी पाहिलं होतं, आणि तिथे नदी अगदी गरीब होती. कार्तिक पुनवेची वढ्याची यात्रा. पाणी निवळलेलं, हिरवट, तळाची रेती दिसावी इतकं; काठाला उसाच्या मोळ्या, रेवड्यांची दुकानं, टाळांचा गलका, आणि या बाजूनं पलीकडे जाणाऱ्यांची ही झुंबड. हाकांची गरजच नव्हती, नाव डोळ्यांपुढेच होती. माणसं आत चढली, आणखी चढली, एक बुवा वीणा सांभाळत चढले, एकानं सायकल चढवली. बाबांनी नावेची कड पाहिली, पाणी तिच्या किती खाली आहे ते पाहिलं, आणि वल्ही आत घेऊन मांडीवर आडवी ठेवली. चला हो, लोक म्हणाले. चला ना बाबा. कुणी दुप्पट उतराई देऊ केली, कुणी विठ्ठलाची शपथ घातली, एका पोरानं शिवी दिली. बाबा पलीकडच्या कळसाकडे बघत बसले. “चौघं उतरा,” ते म्हणाले, “मंग विठ्ठल नेईल.” आधी सायकलवाला उतरला, रागारागानं. मग दोघं पोरं. चौथं कुणीच उतरेना; सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी वीणेवाले बुवाच हसत उठले, धोतर सावरून गुडघाभर पाण्यात उतरले, आणि वीणा मात्र माझ्या आईच्या मांडीवर देऊन म्हणाले, “इले घेऊन जाय माय, मी मांगून येतो.”